बिडीचा धूर छातीत जातो, मग आतड्याची तपासणी कशासाठी?

पांदणवाट | मंगळवार, रात्री ९.१०

माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, ५८ वर्षांचे आहेत. आर्णी तालुक्यात आमची सहा एकर कोरडवाहू शेती आहे आणि ती आजवर त्यांनीच सांभाळली. पस्तीस वर्षांपासून ते दिवसाला एक बंडल बिडी ओढतात आणि गेली पंधरा वर्षे रोज संध्याकाळी एक क्वार्टर घेतात. भांडण नाही, तंटा नाही. घेतात, जेवतात आणि झोपतात, म्हणून घरात कोणी फारसे बोलत नसे.

चार महिन्यांपासून त्यांना शौचावाटे रक्त पडत आहे. घरात सर्वांनी मिळून निदान केले की ही दारूची गरमी आहे. आठवडी बाजारात बसणाऱ्या मूळव्याधवाल्याकडून पुड्या आणल्या, ताक आणि इसबगोल सुरू केले, आणि सोयाबीनची सोंगणी तोंडावर असल्यामुळे दवाखाना पुढे ढकलला. गेल्या आठवड्यात ते बांधावर चक्कर येऊन पडले. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ७.८ निघाले. डॉक्टरांनी बिडी किती, दारू किती आणि रक्त केव्हापासून, हे तीनच प्रश्न विचारले, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, लिहून दिली.

मोठ्या बाबांचे म्हणणे असे : "बिडीचा धूर छातीत जाते, दारू लिव्हरले जाते, मंग हा डॉक्टर मांगून नळी कायले टाकतो?" खरे सांगायचे तर मलाही उत्तर देता आले नाही. बिडी आणि दारूचा आतड्याच्या कर्करोगाशी खरोखर संबंध आहे का, असल्यास किती, आणि ५८ व्या वर्षी सोडून काही उपयोग होतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पानठेल्याचा बाक | मंगळवार, रात्री ९.४२

आमचे आजोबा मोहाची दारू पीत पीत ९१ वर्षांचे झाले आणि शेवटी गेले ते बैलाने ढुसणी दिल्यामुळे. त्या बैलाला कोणतेही व्यसन नव्हते.

शून्य मशागत | मंगळवार, रात्री १०.०५

बाकावरच्या भाऊंशी मी थट्टेत नव्हे, तर गांभीर्याने सहमत आहे. आम्ही पाठीवर पंप घेऊन कपाशीवर फवारणी करतो, तेच हात धुऊन भाकर खातो, विहिरीचे पाणी कधी तपासत नाही आणि बाजारातल्या तेलात काय असते ते देव जाणे. एवढे सगळे सोडून प्रत्येक आजारासाठी गरिबाच्या बिडीलाच का धरतात? कास्तकार दिवसभर राबतो, संध्याकाळी थोडी घेतो. दवाखान्यात गेला की पहिला प्रश्न व्यसनाचा, आणि एकदा व्यसन सापडले की पुढचे ऐकून घ्यायची कोणाला गरज वाटत नाही.

पेन्शनीतला डॉक्टर | बुधवार, सकाळी ७.२०

मी २९ वर्षे ग्रामीण भागात वैद्यकीय अधिकारी होतो. प्रश्न चांगला आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

धूर छातीत जातो हे खरे आहे, पण तो तिथे थांबत नाही. फुप्फुसांतून त्यातील कर्कजनक रसायने रक्तात मिसळतात आणि रक्त सर्व अवयवांना जाते, आतड्यालाही. काही अंश लाळेबरोबर गिळला जातो आणि अन्नाच्या वाटेने खाली उतरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ च्या फेरआढाव्यात धूम्रपान हे मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगाचे कारण असल्याचे मान्य केले. अमेरिकेच्या सर्जन जनरलांच्या २०१४ च्या अहवालानेही तेच म्हटले. २००८ साली १०६ अभ्यास एकत्र करून पाहिले असता धूम्रपान करणाऱ्यांत हा आजार होण्याचे प्रमाण कधीच न ओढणाऱ्यांपेक्षा सुमारे १८ टक्क्यांनी अधिक आढळले, आणि गुदाशयात हा संबंध आतड्याच्या वरच्या भागापेक्षा जास्त स्पष्ट होता. हे अभ्यास बहुतांशी सिगारेटवरचे आहेत, परंतु बिडीने त्यावर हुरळून जाऊ नये. बिडी विझू नये म्हणून वारंवार आणि जोराने ओढावी लागते, आणि पानात गुंडाळली म्हणून तिचा धूर सौम्य होत नाही.

दारूची वाट वेगळी आहे. शरीर दारूचे प्रथम अॅसिटाल्डिहाइडमध्ये रूपांतर करते. हा पदार्थ पेशींतील डीएनएला इजा करतो आणि त्या इजेची दुरुस्तीही बिघडवतो. हे काम केवळ यकृतात होते असे नाही. मोठ्या आतड्यातील जिवाणूसुद्धा हाच पदार्थ तयार करतात, त्यामुळे आतड्याचे अस्तर त्याच्या थेट संपर्कात येते. शिवाय पेशींच्या वाढीसाठी लागणाऱ्या फोलेट या जीवनसत्त्वाच्या कामात दारू अडथळा आणते, आणि नेमाने पिणाऱ्याच्या ताटात पालेभाजी आधीच कमी असते. त्याच संस्थेने दारूला १९८८ सालीच कर्कजनक ठरवले होते. २००७ मध्ये त्या यादीत आतड्याचा कर्करोग जोडला गेला.

आता शून्य मशागत यांच्यासाठी. फवारणीबाबतची तुमची चिंता रास्त आहे आणि तोंडाला कापड, हातात मोजे हवेतच. तथापि एक कारण शिल्लक आहे म्हणून दुसरे खोटे ठरत नाही. व्यसन सापडले की डॉक्टर पुढचे ऐकत नाहीत, हा तुमचा आक्षेप मात्र मला मान्य आहे. माझ्याकडूनही असे घडले आहे.

जवसाची चटणी | बुधवार, सकाळी ८.०२

डॉक्टरसाहेब, "१८ टक्क्यांनी अधिक" म्हणजे शंभरातल्या अठरा जणांना होतो, असेच आमच्याकडे सगळे समजतील.

गणिताचे गुरुजी | बुधवार, दुपारी १.३०

जवसताईंनी मर्मावर बोट ठेवले, म्हणून मधल्या सुट्टीत हिशेब मांडतो.

व्हिस्की किंवा रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के असे छापलेले असते. क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर, म्हणजे त्यात शुद्ध अल्कोहोल सुमारे ७७ मिलिलिटर. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलके असल्याने त्याचे वजन सुमारे ६१ ग्रॅम भरते. नव्वदमध्ये याच्या निम्मे, म्हणजे ३० ग्रॅम. "मी तर फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्यांसाठी : ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम असते, म्हणजे नव्वदपेक्षा जास्तच.

अमेरिका आणि युरोपातील ८ दीर्घकालीन अभ्यास २००४ मध्ये एकत्र केले गेले. त्यात रोज ३० ते ४५ ग्रॅम घेणाऱ्यांना हा कर्करोग होण्याचे प्रमाण न पिणाऱ्यांपेक्षा १६ टक्क्यांनी, तर ४५ ग्रॅम किंवा त्याहून अधिक घेणाऱ्यांत ४१ टक्क्यांनी जास्त होते. मोठे बाबा ६१ ग्रॅमवर आहेत, म्हणजे दुसऱ्या गटात.

आता या ४१ टक्क्यांचा अर्थ पाहू. समजा, न पिणाऱ्या १००० माणसांपैकी १० जणांना आयुष्यात हा आजार होणार आहे. हा १० चा आकडा मी केवळ उदाहरणासाठी घेतला आहे. तर रोज क्वार्टर पिणाऱ्या १००० जणांत तो १४ जणांना होईल. म्हणजे उरलेल्या ९८६ जणांना तो होणार नाही, आणि बाकावरच्या भाऊंचे आजोबा त्या ९८६ मधले होते. यात आश्चर्य काहीच नाही. मात्र ते जास्तीचे चार कोण, हे आधी कोणालाच सांगता येत नाही.

पानठेल्याचा बाक | बुधवार, दुपारी २.१५

गुरुजींनी आमच्या आजोबांना ९८६ च्या रांगेत उभे केले, आभारी आहे. मात्र मोहाच्या बाटलीवर काहीच छापलेले नसते. तिचा हिशेब कसा करावा?

सेलूचा सायकलवाला | बुधवार, सायंकाळी ६.४०

तोच तर आमच्या वर्धा जिल्ह्याचा प्रश्न आहे. इथे १९७५ पासून दारूबंदी असल्यामुळे दारू दुकानात मिळत नाही, ती घरपोच येते. भट्टीची पहिल्या धारेची आणि शेवटच्या धारेची यांत किती फरक असतो हे पिणाऱ्यालाही सांगता येत नाही, मग ग्रॅम कुठले मोजणार? याहून मोठी अडचण अशी की, डॉक्टरांनी विचारले तरी माणूस घेतो असे सांगत नाही. माझ्या चुलत सासऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवसापर्यंत "कधीतरी, लग्नाकार्यात" हेच उत्तर दिले. त्या हिशेबाने त्यांच्या गावात वर्षाला दीडशे लग्ने लागत असली पाहिजेत.

शून्य मशागत | बुधवार, सायंकाळी ७.०५

चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. मधल्या काळात काय काय विकले गेले ते आम्ही पाहिले आहे. बंदीने माणूस सुधारत असता तर...

संपादक | बुधवार, सायंकाळी ७.३०

दारूबंदी असावी की नसावी यावर स्वतंत्र धागा आहे आणि तो १४० प्रतिसादांनंतर बंद करावा लागला होता. येथे कृपया आतड्यापुरते बोलावे.

ओवी जात्यावरची | बुधवार, रात्री १०.५०

हा धागा दोन दिवस वाचत आहे आणि लिहू की नको असे होत होते. माझ्या आईला ५२ व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला. आईने आयुष्यात बिडी किंवा दारू सोडाच, चहासुद्धा दिवसातून एकदाच घेतला. तरीही भेटायला येणारी प्रत्येक बाई कुजबुजत विचारायची, "तंबाखूची मिसरी लावत होत्या काय?" जणू कोणते तरी पाप सापडले की त्यांची सुटका होणार होती.

तिलाही आधी रक्त कमी असल्याचेच कळले होते. बाईमाणसाचे रक्त कमीच असते, असे म्हणून दोन वर्षे गोळ्या चालल्या. रक्त जाते कुठे, हे कोणीच विचारले नाही. पोटात गोळा हाताला लागला तेव्हा कुठे तपासणी झाली. इथे ज्यांना वाटते की व्यसन नाही म्हणजे आपण सुटलो, त्यांच्यासाठी हे लिहिले आहे. पांदणवाट दादा, तुमच्या डॉक्टरांनी गोळ्या देऊन न थांबता पुढची तपासणी लिहिली, हे चांगले केले.

पेन्शनीतला डॉक्टर | गुरुवार, सकाळी ६.५५

ओवीताई, तुमचा प्रतिसाद या धाग्यात सर्वांत महत्त्वाचा आहे. बिडी आणि दारू या धोका वाढवणाऱ्या गोष्टी आहेत, आजाराची एकमेव कारणे नाहीत. वाढते वय, घराण्यातील इतिहास, लठ्ठपणा, बैठे काम, आतड्याचा जुनाट दाह, डबाबंद प्रक्रिया केलेले मांस, हीही त्यात आहेत. उलट, ज्वारीच्या भाकरीतील चोथा आणि अंगमेहनत या बाजू आपल्या शेतकऱ्याच्या पदरात आहेत, हे शून्य मशागत यांना आनंदाने सांगतो. फक्त त्या बाजू बिडी-दारूचा हिशेब फेडून टाकतात असे समजू नये.

तुम्हालाही एक विनंती आहे. आई-वडील किंवा सख्खे भावंड यांपैकी कोणाला हा आजार झाला असेल, तर वयाच्या ४० व्या वर्षी, किंवा त्या नातलगाला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करून घ्यावी असे सांगितले जाते. तुमच्या बाबतीत ते ४० वे वर्ष आहे. हा कर्करोग बहुधा आतड्याच्या आतल्या बाजूला उगवणाऱ्या लहान कोंबांपासून, म्हणजे पॉलिपपासून, सुरू होतो आणि कोंबाचा कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षे लागतात. तपासणीत कोंब दिसला तर त्याच नळीतून तो काढता येतो. डॉक्टर मांगून नळी कायले टाकतो, याचे उत्तर हे आहे.

मला स्वतःला या धाग्यात सर्वाधिक खटकला तो "दारूची गरमी" हा शब्द. माणूस पितो, म्हणून रक्त पडले की घरच्यांकडे उत्तर तयार असते. व्यसन धोका तर वाढवतेच, वर लक्षणावर पांघरूणही घालते. मूळव्याधीतही रक्त पडते हे खरे आहे, आणि एकाच माणसाला मूळव्याध व कर्करोग दोन्ही असू शकतात. परंतु चाळिशीच्या पुढे रक्त पडत असेल, शौचाची सवय काही आठवडे बदललेली असेल, वजन उतरत असेल किंवा पुरुषाचे हिमोग्लोबिन विनाकारण घसरले असेल, तर मूळव्याधीवर विश्वास ठेवून बसू नये. सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचीच कर्करोग तपासणी होते. आतड्यासाठी आशाताई दारात येणार नाहीत, आपल्यालाच जावे लागेल.

घोटून द्या भाऊ | गुरुवार, सकाळी ११.१५

बिडी ओढत नाही, दारू पीत नाही. दिवसाला सुपारी-तंबाखू घोटून केलेले चार खर्रे होतात. या हिशेबाने मी सुटलो असे धरावे काय?

जवसाची चटणी | गुरुवार, सकाळी ११.२०

भाऊ, तुमच्या टोपणनावातच तुमचा तपासणी अहवाल आहे.

पेन्शनीतला डॉक्टर | गुरुवार, दुपारी १२.४०

न जळणाऱ्या तंबाखूचा पक्का सिद्ध झालेला संबंध तोंड, अन्ननलिका आणि स्वादुपिंड यांच्या कर्करोगाशी आहे. मोठे आतडे त्या यादीत नाही. सुपारी स्वतंत्रपणे कर्कजनक ठरलेली आहे आणि खर्र्यात ती भरपूर असते. तेव्हा आपण आतड्याच्या रांगेतून निघून तोंडाच्या रांगेत उभे आहात. आरशासमोर तोंड पूर्ण उघडून पाहावे. तीन बोटे उभी आत जात नसतील, तर आजच दाखवावे.

तिफण | गुरुवार, रात्री ९.००

सोडण्याबाबत कोणीतरी लिहिणे आवश्यक आहे, म्हणून अनुभव सांगते. माझ्या थोरल्या भावाने पोळ्याच्या दिवशी बैलाच्या पाया पडून दारू सोडली. आम्ही सर्व आनंदात होतो, पुरणपोळी केली. दुसऱ्या दिवशी त्याचे हात इतके थरथरू लागले की चहाची बशी धरवेना. त्या रात्री त्याला झटका आला, आणि तिसऱ्या दिवशी तो भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणून ओरडू लागला. गावात लोक म्हणाले की बाहेरची बाधा आहे. सुदैवाने आरोग्यसेविका ताईंनी गाडी बोलावली. तिथे कळले की रोज जास्त पिणाऱ्याने एकाएकी बंद केले तर असे होते आणि त्यात जीवही जाऊ शकतो. पांदणवाट, तुमच्या मोठ्या बाबांना रातोरात बंद करायला लावू नका, औषधांच्या आधाराने करा. बिडी मात्र त्याच दिवशी बंद केली तरी चालते, फक्त चिडचिड सहन करावी लागते. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे.

पांदणवाट | पुढचा शनिवार, रात्री ८.३०

सर्वांचे मनःपूर्वक आभार. संपूर्ण धागा मी मोठ्या बाबांना अंगणात बसून वाचून दाखवला. पंधरा मिनिटे ते काही बोलले नाहीत. बैलाच्या प्रतिसादावर मात्र हसले.

सध्याची स्थिती अशी की, दारू डॉक्टरांच्या गोळ्यांसह उतरवत आणली आहे, बिडी बंडलावरून चारवर आली आहे. त्यांचे दोन प्रश्न आहेत. पहिला : "क्वार्टरची नव्वद केली तं चालन का?" दुसरा : "इतक्या वर्षांचं सोडून आता आतडं साफ होते का?"

तपासणी नागपुरात येत्या गुरुवारी सकाळी ९ वाजता आहे. त्यासाठी पावडर दोन लिटर पाण्यात कालवून अर्धी आदल्या संध्याकाळी आणि अर्धी पहाटे प्यायची आहे. आमच्या घरचा संडास अंगणाच्या पार टोकाला गोठ्यामागे आहे, आणि पहिली एसटी पहाटे साडेपाचला निघते. पहाटेची पावडर पिऊन तीन तासांहून अधिक एसटीत बसणे कसे जमवावे, हे कोणाला ठाऊक आहे का?

गणिताचे गुरुजी | शनिवार, रात्री ८.५५

नव्वद म्हणजे ३० ग्रॅम, आणि धोका स्पष्ट दिसू लागतो तो तिथूनच. क्वार्टरपेक्षा बरी, एवढेच म्हणता येईल. त्यांचे वय, हिमोग्लोबिन आणि पडणारे रक्त पाहता मी त्यांना नव्वदही मोजून देणार नाही.

पेन्शनीतला डॉक्टर | शनिवार, रात्री ९.१०

दुसऱ्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देतो. धूम्रपान सोडल्यावर आतड्याचा धोका उतरतो, पण सावकाश, अनेक वर्षांनी. दारू सोडल्याने तोंडाच्या व अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका कमी होतो याचा पुरेसा पुरावा त्याच कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात मान्य झाला. आतड्याबाबतचा पुरावा त्यात मर्यादित ठरला. तरीही शस्त्रक्रियेची वेळ आलीच, तर न ओढणाऱ्याची जखम लवकर भरते आणि भूल उतरताना छातीचा त्रास कमी होतो. त्यांच्यासाठी लाभ आजचा आहे, दहा वर्षांनंतरचा नव्हे.

तपासणीआधी साधारण आठवडाभर लोहाच्या गोळ्या थांबवतात, कारण त्यांनी मळ काळा आणि चिकट होऊन आतील काही दिसत नाही. उद्याच फोन करून डॉक्टरांना विचारावे. दोन-तीन दिवस जवस, तीळ, वांगे, टमाटर बंद. बिया नळीत अडकतात.

जवसाची चटणी | शनिवार, रात्री ९.१४

मी मनावर घेणार नाही.

सेलूचा सायकलवाला | शनिवार, रात्री ९.४०

पांदणवाट भाऊ, ती पावडर पिऊन एसटीत बसण्याचा विचारही करू नका. माझे चुलत सासरे सेलूहून निघाले होते आणि बुटीबोरीच्या अलीकडे वाहकाला तीनदा गाडी थांबवावी लागली. माझा मुलगा नागपुरात शिकतो आणि दिवाळीच्या सुट्टीसाठी घरी आलेला आहे, त्यामुळे त्याची मेडिकल चौकाजवळची खोली रिकामी आहे. बुधवारी दुपारीच मोठ्या बाबांना घेऊन तिथे उतरा. किल्ली खालच्या किराणा दुकानात ठेवायला सांगतो. संडास खोलीला लागूनच आहे. नळ मात्र पहाटे लवकर जातो, म्हणून रात्रीच दोन बादल्या भरून ठेवाव्यात.